घड्याळ कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



इंग्लंडच्या पार्लमेंटने १८४४ साली कारखान्यांविषयी जो कायदा संमत केला, त्यात वरवर पाहता अगदी किरकोळ वाटावी अशी एक तरतूद होती. कामाचे तास मालकाच्या घड्याळावरून मोजायचे नाहीत. ते सार्वजनिक घड्याळावरून, उदाहरणार्थ जवळच्या रेल्वे स्थानकावरील घड्याळावरून ठरवायचे आणि कारखान्यातले घड्याळ त्याच्याशी जुळवून ठेवायचे, अशी ती तरतूद. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाचे विवेचन करताना तिची मुद्दाम नोंद घेतली आहे. याचे कारण त्याच प्रकरणात सापडते. सकाळी सहाच्या आधी पंधरा मिनिटे, संध्याकाळी सहानंतर पंधरा मिनिटे, न्याहारीच्या आणि जेवणाच्या सुटीतून उरलेली काही मिनिटे, असे कापत कापत आठवड्याला ३४० मिनिटे कामगाराकडून कशी काढून घेतली जातात, याचा हिशेब फॅक्टरी इन्स्पेक्टरांनीच आपल्या अहवालात मांडला होता. वर्षाकाठी हे कामाचे सत्तावीस दिवस भरत. या चोरीसाठी कुलूप फोडावे लागत नव्हते. घड्याळ मालकाच्या भिंतीवर आणि किल्ली मालकाच्या खिशात, एवढे पुरेसे होते.

मुंबईच्या गिरणगावाला हा अनुभव परका नाही. १ जानेवारी १९०६ रोजी सबंध हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. नव्या घड्याळाप्रमाणे सहाला कामावर येणे म्हणजे जुन्या घड्याळाप्रमाणे पाच वाजून एकवीस मिनिटांनी हजर होणे. त्याच महिन्यात एका कापडगिरणीतील कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले. शहरातील अनेकांनी तर ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडला नाही. या विरोधाला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु कामगारांचा प्रश्न रास्त होता. सूर्य बदललेला नाही, मजुरी बदललेली नाही, मग आमची पहाट कोणी बदलली?

आज गिरण्यांचे भोंगे बंद पडले आहेत आणि वेळ मोजण्याचे काम संगणकाकडे गेले आहे. कारखान्याच्या फाटकाशी अंगठ्याचा ठसा घेणारे हजेरीयंत्र हा एक संगणकच आहे. घरपोच माल पोहोचवणाऱ्या मुलाच्या हातातील फोन संगणक आहे. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची छायाचित्रे वेळेच्या शिक्क्यासह दिवसातून दोनदा काढून पाठवण्याची पद्धत १ जानेवारी २०२३पासून देशभर सक्तीची करण्यात आली, तीही फोनवरूनच. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, तेथील मजुरालाही आपली हजेरी लागली की नाही हे यंत्रावर उमटलेल्या तासा-मिनिटांवरून कळू लागले. म्हणजे १८४४चा प्रश्न संपलेला नाही. घड्याळ भिंतीवरून उतरून पेटीच्या आत गेले, इतकेच. तेव्हा संगणकाला वेळ कळते कशी आणि ती खरी आहे हे ताडून पाहण्याचा मार्ग कोणता, हे चळवळीतल्या माणसाने समजून घेणे अगत्याचे आहे. हे ज्ञान कठीण नाही. ते इंजिनियरांपुरते ठेवण्याचेही कारण नाही.

संगणकात वेळ राखणारा एक लहानसा स्फटिक असतो. गारगोटीच्या जातीच्या या क्वार्ट्झला विजेचा दाब दिला की तो ठरावीक गतीने कंप पावतो. मनगटी घड्याळात आणि संगणकाच्या बॅटरीवरील घड्याळात जो स्फटिक वापरतात, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल अशा बेताने कापलेला असतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो. युक्ती सुंदर आणि स्वस्त आहे. पण सामान्य स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग इतकी सहज असते. ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना त्याने गुणले, तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे बावन्न सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटांचा फरक पडतो. त्यात उन्हाळा-हिवाळा आणि स्फटिकाचे वय यांनी भर पडते. म्हणून ज्या हजेरीयंत्राचे घड्याळ बसवल्यापासून कोणी जुळवलेले नाही, ते दोन वर्षांनी पंधरा-वीस मिनिटे पुढे वा मागे असले, तर त्यात नवल नाही. तेथे मालकाच्या दुष्ट हेतूचीही गरज नाही. मात्र घड्याळ पुढे गेले तर सकाळी वेळेवर आलेला कामगार ‘उशिरा आला’ असे नोंदले जाते, आणि संध्याकाळी घड्याळ दाखवण्यासाठी त्याच्याजवळ दुसरा पुरावा नसतो.

यावर उपाय एकच. अधिक भरवशाच्या घड्याळाशी हे घड्याळ वारंवार ताडून पाहायचे. बंदरातील जहाजांसाठी ग्रीनिचच्या वेधशाळेने १८३३पासून याच हेतूने वेळगोळा सुरू केला. वेधशाळेच्या माथ्यावरील एक मोठा गोळा दुपारी बरोबर एक वाजता खाली पडे आणि टेम्स नदीतल्या जहाजांवरील लोक त्या क्षणाशी आपले घड्याळ जुळवत. पैसे पडत नसत, परवानगी लागत नसे; ज्याला डोळे होते त्याला वेळ मिळत होती. पुढे तारायंत्राने आणि रेडिओने हेच काम केले. आज ते काम पृथ्वीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह करतात.

जीपीएस हे नाव आता सर्वांच्या परिचयाचे आहे. रस्ता दाखवणारे यंत्र अशीच त्याची ओळख आहे. वस्तुतः ते आधी घड्याळ आहे आणि नंतर नकाशा. या योजनेतील प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे असतात. आपण कोठे आहोत आणि आपल्या घड्याळात किती वाजले आहेत, एवढीच घोषणा तो उपग्रह अखंड करीत असतो. ही घोषणा प्रकाशाच्या वेगाने जमिनीवर पोहोचण्यास साधारण ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जमिनीवरच्या रिसीव्हरला चार गोष्टी ठाऊक नसतात: जागा सांगणारे तीन आकडे आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे हवीत, म्हणून चार उपग्रह दिसावे लागतात. शाळेतल्या बीजगणिताचाच हा विस्तार आहे. एकदा जागा पक्की ठाऊक झाली आणि रिसीव्हर हलणार नसला, की नुसत्या वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो.

येथे आइन्स्टाइनचे ऋण सांगितले पाहिजे. उपग्रहावरील गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तेथील घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि उपग्रहाच्या वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. उरलेला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक आधीच हिशेबात धरून ती घड्याळे लावलेली असतात. तसे केले नसते तर एका दिवसात अंतरांच्या हिशेबात सुमारे अकरा किलोमीटरची चूक साचली असती. ज्या सिद्धान्ताचा व्यवहारात उपयोग काय असे एके काळी विचारले जाई, त्याच्या आधारावर आज प्रत्येक टॅक्सीवाल्याचा फोन चालतो.

आता मुख्य मुद्दा. रिसीव्हर संगणकाला दोन वेगवेगळ्या गोष्टी देतो आणि त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय हा विषय उलगडत नाही. पहिली गोष्ट म्हणजे संदेश. अमुक तारीख, इतके तास, इतकी मिनिटे, इतके सेकंद, असे एक वाक्य रिसीव्हर दर सेकंदाला तारेवरून पाठवतो. परंतु वाक्य पाठवायलाही वेळ लागतो. सत्तर अक्षरांचे वाक्य नेहमीच्या ९६०० बॉडच्या गतीने पाठवले, तर त्यातच सुमारे ७३ मिलिसेकंद खर्च होतात. शिवाय रिसीव्हर आकडेमोडीत गुंतलेला असेल तर वाक्य कधी लवकर निघते, कधी उशिरा. म्हणून सेकंद कोणता, हे संदेश सांगू शकतो. तो सेकंद नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला, हे त्याला सांगता येत नाही.

त्यासाठी दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे स्पंद. वेगळ्या तारेवरून दर सेकंदाच्या आरंभी विजेचा एक ठोका येतो. त्या ठोक्यात तारीख नसते, तास नसतो, काहीच नसते. फक्त ‘आता’ एवढेच असते. बऱ्या रिसीव्हरचा हा ठोका सेकंदाच्या कोट्यंशांपर्यंत अचूक असतो. आकाशवाणीवरील बातम्यांपूर्वीचे ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे चटकन समजेल. किती वाजले ते निवेदक बोलून सांगतो, पण घड्याळ जुळवणारा माणूस निवेदकाच्या शब्दांवर काटा सोडत नाही. तो शेवटच्या ठोक्याची वाट पाहतो. शब्दावाचून ठोका आंधळा आणि ठोक्यावाचून शब्द ढिला. दोन्ही मिळून वेळ होते.

हा ठोका संगणकापर्यंत कसा पोहोचवायचा, यालाही महत्त्व आहे. जुन्या सीरियल पोर्टच्या एका ठरावीक पिनेवर तो आणला, की संगणक हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून त्या क्षणाची नोंद करतो आणि चूक काही मायक्रोसेकंदांवर येते. हल्लीच्या सोयीस्कर यूएसबी जोडणीत संगणक ठरावीक अंतराने विचारपूस करतो, त्यामुळे ठोका दारात ताटकळतो आणि मिलिसेकंदापर्यंतची अनिश्चितता शिरते. अँटेनाच्या तारेचाही हिशेब असतो. दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद, म्हणजे गच्चीवरून वीस मीटर तार खाली आणली तर शंभर नॅनोसेकंद उशीर. हजेरीच्या नोंदीला इतक्या सूक्ष्मतेची काहीच गरज नाही; तेथे एक सेकंदही पुष्कळ झाला. परंतु अत्यंत सूक्ष्म आणि अत्यंत ढोबळ गरज एकाच स्वस्त साधनाने भागते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

चूक कळल्यावर ती सुधारायची कशी? घड्याळ पुढे असेल तर काटा एकदम मागे फिरवणे संगणकाला परवडत नाही. बँकेच्या खात्यात आधी भरणा आणि मग उचल झाली असेल, आणि मध्येच घड्याळ मागे गेले, तर नोंदवहीत उचल आधी आणि भरणा नंतर दिसेल. म्हणून संगणक आपली चाल किंचित मंद किंवा किंचित जलद करतो आणि चूक हळूहळू मुरवतो. रूढ पद्धतीत ही चाल दहा लाखांत पाचशे भागांपेक्षा जास्त बदलत नाहीत; त्या हिशेबाने एका सेकंदाची चूक भरून काढायला तेहेतीस मिनिटे लागतात. याचबरोबर आपला स्फटिक किती चुकतो हेही संगणक शिकून घेतो, आणि पुढे उपग्रहाचा संकेत काही काळ बंद पडला तरी त्या अनुभवावर बऱ्यापैकी वेळ राखतो.

अशा रीतीने एक संगणक उपग्रहाशी जुळला, की त्याच्याकडून दुसरे, दुसऱ्यांकडून तिसरे, अशी वेळेची वाटणी जाळ्यावरून होते. या वाटणीचे नियम अमेरिकेतील प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी बसवले. त्यांची पहिली संहिता १९८५ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न निघाला कधी, पोहोचला कधी, उत्तर निघाले कधी, पोहोचले कधी, या चार नोंदींवरून वाटेतला उशीर वजा करण्याची ती रीत आहे. जन्मापासून काचबिंदूने अधू झालेली दृष्टी पुढे जवळजवळ पूर्ण गेली, तरी मिल्स अनेक वर्षे या कामात गढलेले होते. जानेवारी २०२४मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी ही संहिता कोणालाही वापरण्यास खुली ठेवली. जगभरच्या कोट्यवधी यंत्रांची वेळ ज्या सूत्राने बांधली गेली, त्यावर मालकी हक्काचा शिक्का नाही. माणसे केवळ नफ्यासाठीच नवे काही घडवतात, असे सांगणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

येथून विषय अर्थशास्त्राच्या अंगणात येतो. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू कोणती, याची एक कसोटी आहे. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नसेल आणि कोणाला वगळणे अवघड असेल, तर ती सार्वजनिक वस्तू. दीपगृहाचा उजेड हे तिचे जुने उदाहरण. उपग्रहाचा ठोका या कसोटीला पूर्ण उतरतो. पुण्यात आणखी एक रिसीव्हर लावला म्हणून नागपूरचा ठोका क्षीण होत नाही. आणखी एका माणसाला वेळ देण्याचा खर्च शून्य. म्हणून तिची किंमतही शून्य असावी, हे तर रूढ अर्थशास्त्रच सांगते. परंतु उपग्रह बांधण्याचा, उडवण्याचा आणि त्यांची घड्याळे दिवसरात्र तपासण्याचा खर्च शून्य नाही. तो कोणीतरी करतो, आणि जो खर्च करतो त्याच्या हाती नळाची तोटी राहते.

जीपीएसची तोटी अमेरिकेच्या लष्कराच्या हाती आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापराला खुली राहील, अशी घोषणा अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने केली. खुली झाली तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळून ठेवण्याची व्यवस्था मे २०००पर्यंत चालू होती. ती बंद करण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला. सुरू करण्याचाही तेथेच झाला होता. जगातील बँका, दूरध्वनीचे मनोरे, वीजवाहिन्या ज्या ठोक्यावर चालतात, तो ठोका एका राष्ट्राच्या सेनेच्या सौजन्याने येतो, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच रशियाने ग्लोनास, युरोपने गॅलिलिओ आणि चीनने बैदू या यंत्रणा उभ्या केल्या.

भारतानेही ‘नाविक’ ही आपली यंत्रणा उभारण्याचे ठरवले. पहिला उपग्रह जुलै २०१३मध्ये आणि सातवा एप्रिल २०१६मध्ये गेला. परंतु त्या उपग्रहांवरील अणुघड्याळे परदेशी बनावटीची होती, आणि घात तेथेच झाला. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही घड्याळे बंद पडली. इतर उपग्रहांवरही बिघाड झाले. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७मध्ये पाठवलेला उपग्रह अग्निबाणाचे संरक्षक आवरण न सुटल्याने वाया गेला. मे २०२३मध्ये गेलेल्या उपग्रहावर मात्र अहमदाबादच्या केंद्रात घडवलेले रुबिडियमचे देशी अणुघड्याळ होते. ही मोठी पायरी होती. जानेवारी २०२५मध्ये त्याच मालिकेतील पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. या अपयशांवर टाळ्या पिटणे हा करंटेपणा होईल. स्वावलंबन हे घोषणेने येत नाही. ज्या वस्तूवर सारे उभे आहे ती लहानशी वस्तू स्वतः घडवता येण्यावर ते अवलंबून असते, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आणि उपग्रहच काय, कोणताही एक ठोका डोळे झाकून मानण्यासारखा नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी जुना उपग्रह निवृत्त करताना झालेल्या चुकीमुळे जीपीएसच्या अनेक उपग्रहांनी प्रसारित केलेली वेळ तेरा मायक्रोसेकंदांनी चुकली आणि अनेक देशांतील दळणवळणाच्या यंत्रांनी धोक्याच्या सूचना दिल्या. जुलै २०१९मध्ये युरोपची यंत्रणा जवळजवळ आठवडाभर बंद होती. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी तसे घडले, तेव्हा जुने रिसीव्हर एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख सांगू लागण्याचा धोका होता. त्यांचा ठोका तंतोतंत, पण साल चुकलेले! शिवाय हा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की जवळच्या साध्या प्रक्षेपकाने तो बुजवता येतो, आणि थोड्या अधिक कौशल्याने खोटा संकेतही घुसवता येतो. अमृतसर-जम्मूच्या हवाई क्षेत्रात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा शेकडो घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. शहाणी व्यवस्था म्हणून एकापेक्षा अधिक यंत्रणांचे ठोके घेते, त्यांची आपसांत तुलना करते आणि जमिनीवरच्या घड्याळाशी ते पडताळते. आपल्याकडे ते घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. भारतीय प्रमाणवेळ तेथील अणुघड्याळांवरून राखली जाते.

इतके सारे शक्य असताना ही अचूकता कोणाच्या वाट्याला येते? युरोपात ३ जानेवारी २०१८पासून लागू झालेल्या नियमांनुसार शेअरबाजारात अतिवेगाने उलाढाल करणाऱ्यांची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेच्या शंभर मायक्रोसेकंदांच्या आत असावी लागतात. दोन सौद्यांतील आधीचा कोणता हे कळावे, फसवणूक उघडकीस यावी, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. भांडवलाच्या दोन मालकांमध्ये तंटा होऊ नये म्हणून कायदा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत उतरतो. मग मालक आणि मजूर यांच्यातील तंट्यात तो मिनिटांपर्यंत तरी का उतरू नये?

भारतात याची सुरुवात करण्यास कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. संगणक सुरक्षेची जबाबदारी असलेल्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात कंपन्या, माहितीकेंद्रे व सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्राच्या किंवा भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा तिच्याशी सांधा जुळणाऱ्या वेळेशी जोडावीत, असे म्हटले आहे. जानेवारी २०२५मध्ये प्रमाणवेळेविषयीच्या नियमांचा मसुदाही केंद्राने लोकांपुढे ठेवला. परंतु त्या आदेशाचा रोख संगणकावरील हल्ल्यांच्या तपासाकडे आहे. हजेरीच्या यंत्राचे घड्याळ कामगाराला दिसावे, ते शेवटचे केव्हा आणि कशाशी जुळवले याची नोंद त्याला मागता यावी, हा विचार त्यात नाही. तो तेथे आणण्याचे काम कामगार संघटनांचे आहे.

या मागणीला खर्चाचे कारण सांगता येणार नाही. वेळेचा ठोका देणारा रिसीव्हर आज हजार-दोन हजार रुपयांत मिळतो, हाताएवढा संगणक थोड्या अधिक पैशांत मिळतो, आणि दोन्ही जोडणारी आज्ञावली फुकट आहे. जाळ्यावरून वेळ घ्यायची तर तेवढाही खर्च नाही. तालुक्याच्या कॉलेजातील विज्ञानाचे विद्यार्थी संघटनेच्या कार्यालयाच्या गच्चीवर अँटेना लावून असे घड्याळ उभे करू शकतील. कारखान्याच्या फाटकावरील यंत्राची वेळ आणि या घड्याळाची वेळ महिनाभर रोज टिपून ठेवली, तर कामगार अधिकाऱ्यापुढे तक्रार करताना हाती आकडे असतील. फाटकावर नुसती ओरड केल्याने कोणी हलत नाही, पण तारीखवार तक्ता बाजूला सारणे अधिकाऱ्यालाही जड जाते, हा चळवळीचा जुना अनुभव आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. खरे घड्याळ म्हणजे खरी नोंदवही नव्हे. वेळ अचूक असूनही मागाहून नोंद बदलता येते, नोंद पुसता येते, आणि ‘नेटवर्क नव्हते’ या एका शब्दावर मजुराचा दिवस बुडवता येतो. रानात तलावाच्या कामावर असलेल्या बाईचे छायाचित्र पोहोचले नाही, तर उपग्रहाच्या अणुघड्याळाचा तिला काय उपयोग? म्हणून घड्याळाच्या मागणीबरोबर नोंदीची प्रत कामगाराच्या हाती देण्याची मागणी जोडली पाहिजे, आणि यंत्र बिघडल्यास माणसाच्या साक्षीने हजेरी धरण्याचा हक्कही राखला पाहिजे. यंत्र हा साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश करता कामा नये.

१८४४च्या कायद्याने कामाचे तास आठ केले नाहीत, मजुरी वाढवली नाही. त्यासाठी पुढे अनेक पिढ्या लढावे लागले. पण तास मोजण्याचे माप मालकाच्या खिशातून काढून रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर, सर्वांच्या नजरेसमोर, ठेवले पाहिजे हे त्याने मान्य केले. त्यानंतर किती तास काम करायचे, या वादाला निदान दोन्ही बाजूंना मान्य असा आधार मिळाला. आज सर्वांच्या नजरेसमोरचे ते घड्याळ पुन्हा उभे करण्याचे साधन हाती आहे. दर सेकंदाला तो ठोका कारखान्याच्या छपरावर पडतो, तसाच चाळीच्या गच्चीवरही पडतो. तो उचलून फाटकापर्यंत नेण्याचे काम तेवढे बाकी आहे.